थारमध्ये धोका पावसाबरोबर येतो

#थ्रेड

१/२८
मे २०२०. टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडले होते. अशा वेळी अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतील शिवारांवर टोळधाड येऊन थडकली. संत्र्याच्या बागा आणि भाजीपाला वाचवण्यासाठी शेतकरी थाळ्या बडवू लागले, बांधावर धूर करू लागले. रात्री झाडांवर विसावलेल्या थव्यांवर अग्निशमन बंबांतून औषध फवारले गेले. विदर्भातील तरुण पिढीने टोळ प्रथमच पाहिला. पश्चिम राजस्थानातील वृद्धांना मात्र हे दृश्य नवे नव्हते. थारच्या वाळवंटात टोळाशी माणसाचा झगडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

२/२८
विदर्भातील त्या टोळांचे मूळ शोधत गेले, तर वाट राजस्थान, सिंध, बलुचिस्तान, इराण अशी अरबस्तानापर्यंत पोहोचते. मे २०१८ मध्ये ‘मेकुनू’ आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘लुबान’ ही चक्रीवादळे अरबी द्वीपकल्पावर धडकली. ‘रुब अल खाली’ या निर्मनुष्य वाळवंटात मुसळधार पाऊस झाला, टेकड्यांमध्ये तळी साचली आणि वाळूवर हिरवळ उगवली. तेथे टोळांच्या लागोपाठ तीन पिढ्या वाढल्या. ते पाहण्यास तेथे कोणीही नव्हते. नागपूरच्या संत्र्यावर आलेले संकट असे दोन वर्षांपूर्वीच्या एका वाळवंटातील पावसात जन्मले होते.

३/२८
वाळवंटातील धोका म्हणजे उष्णता आणि तहान, असा सर्वसाधारण समज आहे. थारचा इतिहास त्यात एक महत्त्वाची भर घालतो. तेथील प्राण्यांपासून आणि किडींपासून होणारा उपद्रव बहुतांशी पाण्याबरोबर येतो. जो पाऊस बाजरी पिकवतो, तोच टोळाची अंडी जगवतो, उंदरांची संख्या वाढवतो, सापांना हिंडते करतो आणि माश्या-डासांना जन्म देतो. ज्याची वर्षभर वाट पाहायची, त्याच्याच सोबतीने मृत्यूही येणार, हे गृहीत धरून तेथील समाजाने आपले जीवन बेतले. या बेताची ही कथा, आणि तो कोठे कोठे फसला त्याचीही.

४/२८
अरवलीच्या पश्चिमेपासून सिंधपर्यंत थार पसरलेले आहे. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात. तरीही जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांमध्ये थारची गणना होते. लोक विखुरलेल्या ‘ढाणी’त, म्हणजे शेतावरच्या वस्तीत राहतात. नांगरणी, पेरणी, खुरपणी, चारा कापणे ही सारी कामे अवघ्या दोन-तीन महिन्यांत उरकावी लागतात. माणसाचे हात आणि अनवाणी पाय ज्या आठवड्यांत सर्वाधिक काळ मातीत असतात, नेमके त्याच आठवड्यांत मातीतील इतर जीवही जागे होतात.

५/२८
प्रथम टोळ. कित्येक शतके माणसाला पडलेले कोडे असे होते: धाड ओसरल्यावर टोळ जातो कोठे? वर्षानुवर्षे तो दिसतच नाही आणि एके दिवशी आकाश झाकून टाकतो. याचे उत्तर १९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह या रशियात जन्मलेल्या कीटकशास्त्रज्ञाने लंडनमध्ये मांडले. एकाकी राहणारा निरुपद्रवी टोळ आणि थव्याने उडणारा विध्वंसक टोळ या दोन वेगळ्या जाती नसून एकाच जातीची दोन रूपे आहेत, हा त्याचा सिद्धांत. त्याने तो दुसऱ्या एका जातीच्या अभ्यासातून मांडला. पुढे वाळवंटी टोळालाही तो लागू पडला.

६/२८
हे रूपांतर घडते कसे? कोरड्या काळात टोळ विरळ, करड्या रंगाचा आणि एकलकोंडा असतो. चांगला पाऊस झाला की मादी ओलसर वाळूत १० ते १५ सेंटिमीटर खोल अंडी घालते. पिल्ले वाढतात आणि हिरवळ आटू लागली की उरलेल्या पाल्यावर गर्दी करतात. अंगाला अंग, विशेषतः मागच्या पायांना पाय घासू लागले की त्यांच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन वाढते आणि काही तासांतच स्वभाव पालटतो. एकमेकांना टाळणारे टोळ एकमेकांकडे ओढले जातात. पुढे रंगही बदलतो आणि थवा तयार होतो.

७/२८
थव्याची ताकद आकड्यांतूनच कळते. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. प्रत्येक टोळ दिवसाला सुमारे आपल्या वजनाइतके, म्हणजे २ ग्रॅम खातो. एवढा थवा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांचे अन्न फस्त करतो आणि वाऱ्याच्या साथीने दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत प्रवास करतो. ज्या प्रदेशात वर्षाला एकच पीक येते, तेथे एका दुपारचा हा मुक्काम म्हणजे घरातील वर्षभराचे धान्य आणि जनावरांचा चाराही गेला, असा अर्थ होतो.

८/२८
उडत्या थव्यापुढे थाळ्या आणि धूर यांचा उपयोग मर्यादित होता. थवा उठून शेजारच्या शेतात बसे, इतकेच. खरी संधी त्याआधी मिळे. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना पंख फुटायला साधारण महिन्याहून थोडा अधिक काळ लागतो आणि तोवर ती जमिनीवरूनच पुढे सरकतात. त्यांच्या वाटेत चर खणायचे, त्यांत त्यांना हाकलायचे आणि वर माती लोटायची, ही रसायने येण्यापूर्वीची पद्धत होती. परंतु त्यासाठी पिल्ले कोठे निपजत आहेत, हे वेळेवर कळणे आवश्यक होते. अफाट वाळवंटात हीच सर्वांत कठीण गोष्ट होती.

९/२८
१९२६ ते १९३१ या काळातील टोळधाडीत हिंदुस्थानातील पिकांचे सुमारे १० कोटी रुपयांचे नुकसान झाले. त्या काळच्या रुपयाचे मोल ध्यानात घेता हा आकडा प्रचंड होता. या धक्क्यातून पद्धतशीर संशोधनास आरंभ झाला. वाय. रामचंद्र राव या कीटकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली १९३० च्या दशकात सिंध, मकरानचा किनारा आणि राजपुतान्याच्या वाळवंटात पाहण्या झाल्या. टोळ इराण-बलुचिस्तानच्या बाजूस हिवाळी-वासंतिक पावसावर वाढतो आणि थारमध्ये मोसमी पावसावर. दोन पावसांच्या मधोमध त्याची ये-जा चालते, हे सूत्र त्यातून पक्के झाले.

१०/२८
याच पायावर १९३९ मध्ये टोळ इशारा संघटना स्थापन झाली. तिचे काम टोळ दिसल्यावर धावण्याचे नव्हते. पाऊस कोठे पडला, वाळू किती ओली आहे, एकाकी टोळ किती दिसतात, याची नोंद ठेवणे हे तिचे मुख्य काम होते. वाळवंटाची अशी नित्य नाडी पाहणारी ही जगातील जुन्या यंत्रणांपैकी एक. मेंढपाळ पावसाची बातमी चाऱ्यासाठी विचारत असे. आता तीच बातमी सरकारही विचारू लागले होते.

११/२८
आठ वर्षांत फाळणी झाली. कराचीचे केंद्र पाकिस्तानात गेले आणि भारताचे काम जोधपूरहून चालू लागले. टोळाचे प्रजननक्षेत्र मात्र नव्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते. वाळूत घातलेल्या अंड्यांना सीमा ठाऊक नसते. त्यामुळे एकमेकांशी युद्धे लढलेल्या देशांचे टोळ-अधिकारी राजस्थानातील मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार येथे पावसाळ्याच्या महिन्यांत भेटू लागले, माहितीची देवाणघेवाण करू लागले. कित्येक दशके चाललेल्या या बैठका वैराच्या काळातही टिकलेल्या मोजक्या दुव्यांपैकी होत्या. राजकीय तणावाने त्या अधूनमधून खंडितही झाल्या.

१२/२८
१९६२ नंतर भारतात वर्षानुवर्षे टिकणारे टोळचक्र आले नाही. अधूनमधून उद्रेक झाले, त्यांतील १९९३ चा मोठा होता. दीर्घ शांततेचा एक तोटा असतो, तो म्हणजे सवय मोडते. २०१९ मध्ये पावसाळा लांबला आणि टोळ थारमध्ये नेहमीपेक्षा अधिक काळ राहिला. राजस्थान आणि गुजरातच्या सीमाभागात जिरे, मोहरी, एरंडी यांसारख्या पिकांना फटका बसला. २०२० मध्ये नवे थवे मोसमी पावसाच्या आधीच आले. थारमध्ये खाण्यास हिरवे काही नव्हते, म्हणून ते पूर्वेकडे वळले. जयपूरच्या गच्च्यांवर आणि पुढे विदर्भात ते दिसले, ते यामुळे.

१३/२८
टोळ आकाशातून येतो, तर दुसरे संकट पाणवठ्याशी दबा धरून असते. थारमधील राइका अथवा रेबारी समाज पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळत आला. उंटांना होणाऱ्या एका रोगास ते ‘तिबरसा’ म्हणतात. उंट हळूहळू खंगत जातो, उंटिणी गाभडतात आणि तीनेक वर्षांत जनावर दगावते. तीन वर्षांचा म्हणून तिबरसा. पावसाळ्यात डबक्यांभोवती चावऱ्या माश्या वाढल्या की कळप कोरड्या, मोकळ्या भागाकडे हलवण्याची रीत या अनुभवातूनच आली. पाणी जवळ असूनही तेथून दूर जाणे, हा निर्णय वाळवंटात सोपा नव्हे.

१४/२८
१८८० मध्ये तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म परजीवी पाहिला. सस्तन प्राण्यांत रोग निर्माण करणारा ट्रिपॅनोसोम प्रथम ओळखला गेला तो येथे. त्याच्या जातीस पुढे एव्हान्सचेच नाव मिळाले आणि रोग ‘सुर्रा’ या नावाने प्रसिद्ध झाला. हा परजीवी चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. उंटपाळांना परजीवी दिसला नव्हता, परंतु ऋतू, जागा आणि रोगाची चाल त्यांना अचूक ठाऊक होती.

१५/२८
आता साप. मारवाडात ज्याला ‘बांडी’ म्हणतात, तो मराठी माणसाचा परिचित आहे. तेच हे फुरसे. लांबी जेमतेम एक-दोन फूट, रंग वाळूचा, डोके सोडून सारे शरीर वाळूत दडवण्याची सवय. डिवचले की ते वेटोळी एकमेकांवर घासते आणि खरखरीत खवल्यांतून करवतीसारखा आवाज येतो. वाळूवर ते तिरके सरपटते आणि मागे तुटक, तिरप्या रेघांची ओळ सोडते. थारमधील पागी, म्हणजे पायखुणा वाचणारे मागकाढे, चोराचा माग जसा काढत, तशाच या रेघाही सकाळच्या वाळूवर वाचता येत.

१६/२८
फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून, जुन्या जखमांतून, लघवीवाटे रक्त जाऊ लागते. मृत्यू आला तरी तो बहुधा तत्काळ येत नाही. काही तास, कधी काही दिवस लागतात. ही दिरंगाई फसवी ठरते. पहिल्या दिवशी रोगी चालता-बोलता असतो, घरचे निश्चिंत होतात, आणि उपचाराची वेळ हातची निघून जाते. बाजरीच्या शेतात, सरपणाच्या ढिगाऱ्यात, चाऱ्याच्या पेंढीखाली हा दंश होतो. म्हणून त्याचे बळी मुख्यतः राबणारी माणसेच असतात.

१७/२८
दुसरा साप अधिक गूढ. बाडमेर-जैसलमेरकडे ‘पीवणा’ नावाच्या सापाची दहशत आहे. लोकसमजुतीनुसार तो चावत नाही. रात्री निजलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो आणि पहाटे माणूस मेलेला आढळतो. ही भाकडकथा म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. पीवणा म्हणून ओळखला जातो तो मण्यार, विशेषतः १८९७ मध्ये बूलेंजरने शास्त्रीय वर्णन केलेली सिंधी मण्यार. ती निशाचर आहे, तिचे दात बारीक, दंश जवळजवळ वेदनारहित, सूज नाही, खूण दिसत नाही. तिच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

१८/२८
म्हणजे लोकांनी पाहिलेले सारे खरे होते. वेळ रात्रीची, माणूस निजलेला, अंगावर जखम नाही, आणि अखेर श्वास थांबलेला. चुकला तो केवळ कार्यकारणभाव. पीवण्याची कथा हे निरीक्षणांचे संचित आहे, कथेच्या रूपात जपलेले. तिचा व्यावहारिक परिणामही उपयुक्त होता: जमिनीवर निजू नये, खाटेवर निजावे. मण्यारीचे दंश बहुधा भुईवर झोपलेल्यांनाच होतात, हे आधुनिक वैद्यकही सांगते. नीट खोचलेली मच्छरदाणी या दंशांपासून मोठे संरक्षण देते, असे नेपाळच्या तराई भागातील अभ्यासातून दिसून आले आहे.

१९/२८
सापांच्या भीतीला थारने देवतेचेही रूप दिले. चुरू जिल्ह्यातील ददरेवा येथील चौहान वीर गोगाजी सर्पदंशाचा रक्षक मानला जातो. त्याचे मुख्य स्थान हनुमानगढ जिल्ह्यातील गोगामेडी. हिंदू त्याला गोगाजी म्हणतात, मुसलमान जाहरपीर. त्याचे ठाणे बहुधा खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाखाली असते. गोगानवमी येते मराठी पंचांगानुसार श्रावण वद्य नवमीस, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्रात याच महिन्याच्या शुद्ध पंचमीला नागपूजा होते आणि शेतकरी त्या दिवशी नांगर धरत नाही. पावसाचा महिना दोन्हीकडे सापांचाच.

२०/२८
पहिल्या पावसानंतर नांगरणीस आरंभ करताना शेतकरी नांगराला आणि नांगरणाऱ्याच्या हाताला नऊ गाठींचा दोरा बांधतो, त्यास ‘गोगा राखडी’ म्हणतात. या दोऱ्याने विष उतरत नाही, हे उघड आहे. परंतु तो कोणत्या दिवशी बांधला जातो, याकडे लक्ष दिले पाहिजे. कोरडी जमीन प्रथम उकरली जाते, बिळे मोडतात, साप बाहेर पडतात, नेमका तो हा दिवस. राखडी हा ऋतूचा इशारा आहे. मनगटावरची गाठ प्रत्येक वेळी दिसते आणि पुढच्या पावलाकडे पाहण्याची आठवण देते.

२१/२८
दुसरा लोकदेव तेजाजी. नागौर जिल्ह्यातील खरनाळचा हा जाट वीर चोरांनी पळवलेल्या गाई सोडवण्यास निघाला असता वाटेत सर्पाने त्यास अडवले. गाई सोडवून परत येईन, मग दंश कर, असे वचन त्याने दिले आणि जखमी अवस्थेत येऊन ते पाळले. अंगावर अक्षत जागा उरली नव्हती, म्हणून त्याने जीभ पुढे केली, अशी कथा आहे. भाद्रपद शुद्ध दशमीस त्याचा उत्सव असतो. कथेतील साप दुष्ट नाही. तो वचनावर विश्वास ठेवणारा शेजारी आहे. शेजाऱ्याशी करार असतो, हीच या सहवासामागची नैतिक कल्पना.

२२/२८
या श्रद्धेची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दंश झाल्यावर रोग्यास देवाच्या ठाण्यावर नेऊन ‘तांती’, म्हणजे देवाच्या नावाचा दोरा बांधण्याची प्रथा आहे. अनेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी पुरेसे विष टोचत नाही. त्यामुळे तांती बांधलेले बरेच रोगी आपोआप वाचतात आणि श्रद्धा दृढ होते. ज्यांच्या अंगात विष खरोखर भिनलेले असते, त्यांचे मात्र मोलाचे तास त्यात खर्ची पडतात. ज्या परंपरेने पुष्कळांना दंशापासून सावध ठेवले, तिनेच दंशानंतर अनेकांना उशीर केला.

२३/२८
साप मारून संपवणे हा उपाय करून पाहिला गेला, तो आपल्या कोकणात. वर्षाला ३,००० मिलीमीटरहून अधिक पावसाच्या रत्नागिरीत जांभ्याच्या कातळांवर फुरशी विपुल आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तेथे फुरशांवर बक्षिसे लावली. लोकांनी प्रचंड संख्येने फुरशी मारून आणली, तिजोरीतून पैसे गेले, आणि फुरसे कोकणात आजही आहे. कातळावर आणि वाळूवर, धो-धो पावसात आणि दुष्काळात सारखेच टिकणारा हा जीव बक्षिसांनी संपणारा नव्हता. मग उपाय उरला औषधाचा.

२४/२८
१८९५ च्या सुमारास फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत याने नागाच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार केले. ते सर्व सापांवर चालेल, अशी त्याची समजूत होती. ती फार काळ टिकली नाही. मुंबईत परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, जिला पुढे १९२५ मध्ये हाफकिनचे नाव मिळाले, जॉर्ज लँब या वैद्यकीय अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच प्रयोगांनी दाखवले की एका सापाच्या विषावरील प्रतिविष दुसऱ्या सापाच्या विषावर चालेलच असे नाही. ज्याचे विष, त्याचेच औषध, हा धडा परळमध्येच शिकला गेला होता.

२५/२८
म्हणून भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांपासून एकत्रित प्रतिविष बनू लागले. त्याने असंख्य प्राण वाचवले. १९७८ मध्ये तमिळनाडूत इरुला आदिवासींची सर्प-सहकारी संस्था उभी राहिली आणि देशातील प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यत्वे तेथून मिळू लागले. परंतु लँबचा धडा अर्धाच पाळला गेला. जात एक असली तरी प्रदेशागणिक विषाची घडण बदलते. थारमधील फुरसे ही वेगळी उपजाती आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, राजस्थानी फुरशाच्या आणि सिंधी मण्यारीच्या विषावर प्रचलित प्रतिविष अपुरे पडते, असे आढळले.

२६/२८
याचा अर्थ किती भीषण आहे, तो पाहावा. तांती सोडून, अंधश्रद्धा टाळून, ढाणीतून मैलोगणती प्रवास करून रोगी रुग्णालयात पोहोचतो. तेथे साध्या काचेच्या नळीत त्याचे थोडे रक्त घेऊन २० मिनिटे ठेवतात. ते गोठले नाही, तर निदान पक्के. प्रतिविष दिले जाते आणि तरीही कित्येकदा रक्त गोठत नाही, कारण ते औषध दूरच्या प्रदेशातील फुरशाच्या विषापासून बनलेले असते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, असा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला. प्रदेशनिहाय प्रतिविषाशिवाय थारमध्ये ते उद्दिष्ट गाठणे कठीण आहे.

२७/२८
पाण्याचे गणित विसाव्या शतकात आमूलाग्र बदलले. १९५८ मध्ये राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली, १९६१ मध्ये पहिले पाणी सुटले आणि पुढे इंदिरा गांधी कालवा म्हणून तो प्रसिद्ध झाला. मुख्य प्रवाहाची लांबी ६४९ किलोमीटर. वाळूत गहू, कापूस पिकू लागला, लक्षावधी लोकांचे दैन्य हटले. त्याचबरोबर कोरड्या वाळूतील उंदरांची जागा ओलसर शेतांतील उंदरांनी घेतली. पूर्वी घराघरातील टाक्यांत वाढणाऱ्या हिवतापाच्या डासांना आता झिरपलेल्या पाण्याची अखंड तळी मिळाली, डासांच्या नव्या जातीही रुजल्या. १९९४ च्या अतिवृष्टीनंतर पश्चिम राजस्थानात हिवतापाची भीषण साथ आली. पाऊस तीन महिन्यांत संपतो, कालवा बारमाही वाहतो. ऋतूवर बेतलेली जुनी सावधगिरी येथे अपुरी ठरली.

२८/२८
गोगा राखडी, तिबरसा हे नाव, पीवण्याची कथा आणि टोळ इशारा संघटनेच्या पर्जन्यनोंदी या वरकरणी अगदी भिन्न गोष्टी आहेत. चौघींच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच आहे: पाणी कोठे आले, आणि त्याच्या मागोमाग आता कोण येणार? हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तेव्हा वाळवंटात माणसे तगली. रुब अल खालीत तो कोणी विचारला नाही, कालव्याच्या काठी तो उशिरा विचारला गेला, आणि बांडीच्या विषाबाबत त्याचे उत्तर दुसऱ्याच प्रदेशातून आणले गेले. पुढच्या जुलैतही थारमध्ये पहिला पाऊस पडेल, शेतकरी आनंदाने नांगर जुंपेल आणि मनगटाला नऊ गाठींचा दोरा बांधेल. त्या गाठींत साठलेले जाणतेपण पुरेसे जुने आहे. त्याच्या जोडीला त्याच्या मातीतील सापावर चालणारे औषध मिळणे, एवढेच बाकी आहे.

(समाप्त)